बाळाची झोप आणि घरातलं शहाणपण



मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअरचं काम करतो. तरी आज मी तान्ह्या बाळांच्या झोपेवर बोलणार आहे. समोर बसलेल्यांपैकी अनेकांची लग्नं येत्या दोन-चार वर्षांत होतील. काहींच्या घरी आत्ताच पाळणा हलतो आहे. म्हटलं, करिअर, नोकरी, कोडिंग यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आपल्या उपयोगाची, बिनखर्चाची आणि जीव वाचवणारी एक गोष्ट सांगावी.

आधी विषय समजून घेऊ. एक वर्षाच्या आतलं, वरवर निरोगी दिसणारं बाळ झोपेत अचानक मरण पावतं. नंतर शवविच्छेदन होतं, बाळ झोपलं होतं ती जागा तपासली जाते, त्याच्या आजारपणाची माहिती घेतली जाते, आणि तरीही कारण सापडत नाही. अशा मृत्यूला सडन इन्फंट डेथ सिंड्रोम, थोडक्यात सिड्स म्हणतात. १९६९ साली अमेरिकेत सिएटलला झालेल्या परिषदेत डॉ. ब्रूस बेकविथ यांनी हे नाव मांडलं. यातले साधारण ९० टक्के मृत्यू पहिल्या सहा महिन्यांत होतात आणि दोन ते चार महिने हा काळ सगळ्यात नाजूक असतो.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडे कुठे होतं? ही तर गोऱ्यांच्या देशातली गोष्ट. थोडं थांबू. आपल्या देशात बाळं दगावतात ती मुख्यतः दिवस पूर्ण होण्याआधी जन्मल्यामुळे, वजन कमी असल्यामुळे, न्यूमोनिया आणि इतर संसर्गांमुळे. त्या मानाने सिड्सची नोंद फारच कमी आहे. पण वर सांगितलेली व्याख्या आठवा. शवविच्छेदनाशिवाय सिड्सचं निदान होतच नाही. आणि आपल्याकडे दोन महिन्यांचं बाळ रात्रीत गेलं तर शवविच्छेदन कोण करतं? सकाळी कळतं, दुपारपर्यंत दफन होतं. कुणी म्हणतं दूध श्वासात गेलं, कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं अल्लाहची अमानत होती, त्याने परत घेतली. दुःखात माणूस असंच बोलणार, त्यात गैर काही नाही. पण नोंद झाली नाही म्हणजे घटना घडली नाही, असं होत नाही. ज्या सिस्टीमला लॉगच नाही, तिच्यात बिघाडच नाही असं आम्ही कधी म्हणत नाही.

आता या विषयाचा इतिहास सांगतो, कारण मला जे सांगायचं आहे ते त्या इतिहासातच आहे.

अमेरिकेत डॉ. बेंजामिन स्पॉक नावाचे फार मोठे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक १९४६ साली निघालं आणि जगभर त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. १९५६ च्या आवृत्तीपासून त्यांनी सल्ला दिला की बाळाला पोटावर, म्हणजे पालथं झोपवावं. कारण काय? उताण्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकेल आणि ते गुदमरेल. तर्क ऐकायला बरोबर वाटतो. सांगणारा माणूस मोठा, हेतू चांगला. मग हाच सल्ला इतर पुस्तकांत गेला, दवाखान्यांत गेला, देशोदेशी पोचला. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बाळं पालथी झोपवायची पद्धत पसरली आणि तिथे पाळण्यातले मृत्यू वाढत गेले.

दरम्यान वेगवेगळ्या ठिकाणांहून खुणा मिळत होत्या. १९८५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हाँगकाँगबद्दल एक लेख आला. घरं लहान, गर्दी प्रचंड, तरी तिथे पाळण्यातले मृत्यू फार कमी. तिथली बाळं परंपरेने उताणी झोपत. १९८७ साली नेदरलँड्समध्ये डॉ. दे याँग यांनी बाळांना पालथं झोपवू नका अशी मोहीम सुरू केली आणि मृत्यू उतरू लागले. १९९० साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरात डॉ. पीटर फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पालथ्या झोपणाऱ्या बाळांत धोका जवळजवळ नऊ पट निघाला. न्यूझीलंडमधल्या मोठ्या अभ्यासातूनही हेच आलं. डिसेंबर १९९१ मध्ये ब्रिटनने 'बॅक टू स्लीप', म्हणजे पाठीवर झोपवा, ही मोहीम सुरू केली. टीव्हीवरच्या निवेदिका अ‍ॅन डायमंड यांचं बाळ त्याच वर्षी असं गेलं होतं. त्यांनी सरकारच्या मागे लागून ही मोहीम उभी करायला लावली. अमेरिकेत १९९४ साली तशीच मोहीम निघाली.

परिणाम पाहा. अमेरिकेत १९९२ साली ७० टक्के बाळं पालथी झोपवली जात होती, १९९६ साली हे प्रमाण २४ टक्क्यांवर आलं. सिड्सचं प्रमाण १९९२ साली दर हजार जन्मांमागे १.२ होतं, ते २००१ साली ०.५६ झालं. निम्म्याहून कमी. नंतरच्या काळात काही मृत्यूंना गुदमरून झालेला मृत्यू असं वेगळं नाव दिलं जाऊ लागलं, त्यामुळे आकडा थोडा त्या बाजूनेही घटला. पण मोहिमेनंतरच्या पहिल्या वर्षांतली मोठी घट खरी होती आणि ती देशोदेशी दिसली. लस नाही, औषध नाही, यंत्र नाही. फक्त बाळाची कूस बदलली.

आणि आता कडू भाग. २००५ साली लंडनच्या संशोधकांनी जुने सगळे अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांना दिसलं की पालथं झोपवणं घातक असावं याचा पुरावा १९७० सालीच हाती होता. तेव्हाच सगळे अभ्यास एकत्र मांडून पाहिले असते, तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान पन्नास हजार बाळं वाचली असती. वीस वर्षं माहिती कागदांवर पडून होती. पन्नास हजार घरांनी त्याची किंमत मोजली. त्यातल्या एकाही आईबापाने निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांनी तज्ज्ञांचं ऐकलं होतं.

उताणं का झोपवायचं, हे थोडक्यात समजून घेऊ, कारण कारण कळलं की घरी पटवता येतं. १९९४ साली फिलियानो आणि किन्नी या संशोधकांनी एक मांडणी केली. तीन वर्तुळं डोळ्यांसमोर आणा. पहिलं, बाळात जन्मतःच एखादा कमकुवतपणा असणं. उदाहरणार्थ, श्वास आणि जाग येणं सांभाळणारा मेंदूचा भाग अजून कच्चा असणं. दुसरं, नाजूक वय, म्हणजे पहिले सहा महिने. तिसरं, बाहेरचा ताण: पालथी झोप, तोंडावर आलेलं पांघरूण, उकाडा, तंबाखूचा धूर. ही तिन्ही वर्तुळं एकमेकांवर येतात तेव्हा मृत्यू होतो. मऊ गादीत तोंड खुपसून झोपलेलं बाळ स्वतःच सोडलेली हवा पुन्हा आत घेतं. निरोगी बाळ अशा वेळी जागं होतं, मान वळवतं, रडतं. ज्या बाळात कमकुवतपणा आहे त्याला जाग येत नाही. पहिलं वर्तुळ आपल्याला दिसत नाही. दुसरं थांबवता येत नाही. तिसरं मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

उलटीचं काय? उताण्या बाळाची श्वासनळी अन्ननळीच्या वरच्या बाजूला असते. वर आलेलं दूध श्वासनळीत जायला त्याला चढावं लागेल. पालथ्या बाळात उलट होतं, श्वासनळी खाली येते. मोहिमेनंतर लाखो बाळं उताणी झोपू लागली, तरी दूध श्वासात जाऊन होणारे मृत्यू वाढले नाहीत. स्पॉकसाहेबांचा तर्क शरीररचनेच्या परीक्षेत आणि आकड्यांच्या परीक्षेत, दोन्हीकडे नापास झाला.

इथे आपल्यापैकी कुणाला वाटेल, बघा, आमच्या दादी-नानी बाळाला उताणंच झोपवत होत्या, पाश्चात्त्यांनाच उशिरा कळलं. या आनंदाला थोडा आवर घालायला हवा. त्यासाठी तुम्हाला ब्रॅडफर्डला नेतो.

ब्रॅडफर्ड हे उत्तर इंग्लंडमधलं शहर. तिथे पाकिस्तानी वंशाची पुष्कळ मुस्लिम कुटुंबं आहेत. ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई कुटुंबांत सिड्सचं प्रमाण गोऱ्या कुटुंबांपेक्षा कमी आहे. हे कसं, हे पाहण्यासाठी डॉ. हेलन बॉल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या अडीच हजारांवर कुटुंबांना विचारलं की तुम्ही बाळाला कसं वाढवता. २०१२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पाकिस्तानी घरांत बाळाला वेगळ्या खोलीत एकटं झोपवत नव्हते. आया सिगारेट-दारूपासून दूर होत्या. अंगावरचं दूध जास्त दिवस चालत होतं. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपण्याचं प्रमाण कमी होतं. या सगळ्या गोष्टी धोका कमी करणाऱ्या आहेत. पण त्याच घरांत बाळाच्या डोक्याखाली उशी जास्त होती, अंगावर जाड रजई जास्त होती, बाळाला कुशीवर झोपवण्याची सवय जास्त होती. या गोष्टी धोका वाढवणाऱ्या आहेत.

म्हणजे एकाच घरात, एकाच परंपरेत, वाचवणाऱ्या सवयी आहेत आणि धोक्याच्याही आहेत. परंपरा पूर्ण बरोबर नसते आणि पूर्ण चूकही नसते. विलायती पुस्तकाचंही तेच. स्पॉक चुकले तिथे नानी बरोबर होती. उशीच्या बाबतीत नानी चुकते. कोण सांगतंय यावरून काहीच ठरत नाही. एकेक सवय वेगळी काढून तपासावी लागते. आज मला सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचं बोलणं हे त्याचं घरगुती गणित आहे. ते मांडतो.

पहिलं, झोपवणं. दर झोपेला बाळ उताणं. रात्री आणि दुपारीही, आईजवळ आणि नानीकडेही. कुशीवर झोपवलं तर ते सहज पालथं होतं, म्हणून कूसही नको. बाळ दोन्ही बाजूंनी आपलं आपण वळू लागलं की झोपवताना उताणं ठेवायचं, नंतर ते वळलं तर वळू द्यायचं. काही जण म्हणतात, एनआयसीयूत आमचं बाळ पालथं ठेवलं होतं. बरोबर आहे, पण तिथे चोवीस तास मॉनिटर आणि नर्स असतात. घरी आलं की उताणं.

दुसरं, डोकं. डोकं गोल व्हावं म्हणून आपल्याकडे राईची उशी करतात. मागचं डोकं चपटं होईल ही भीती अगदी निराधार नाही, पण तिचा उपाय उशी नव्हे. बाळ जागं असताना, कुणीतरी समोर बसून, दिवसातून दोन-तीनदा त्याला थोडा वेळ पोटावर ठेवा. मान बळकट होते, डोक्यावरचा दाबही हटतो. झोपेच्या जागी उशी, लोड, मऊ खेळणी, सैल पांघरूण यातलं काहीही नको.

तिसरं, जागा. सपाट आणि टणक. यासाठी पाळणा विकत घ्यायलाच हवा असं नाही. एका खोलीत सहा माणसं झोपणाऱ्या घरांतून आपण आलो आहोत. जमिनीवर आईच्या अंथरुणाशेजारी बाळाची वेगळी घट्ट सतरंजी किंवा घडी केलेली चादर अंथरली तरी काम होतं. त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या अंथरुणावर. साडीच्या झोळीत बाळ वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. म्हणून झोळीत डोळा लागला की उचलून सपाट जागी ठेवा. अमेरिकेने २०२२ साली कायदा करून बाळाचे उतरते झोपाळेच विक्रीतून काढून टाकले.

आईजवळ एकाच अंथरुणात झोपू नये का? रात्री दूध पाजताना आईचा डोळा लागतोच, हे मान्य करून बोलू. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, अंथरुणावरचं कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, कुणी दारू किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल, तर अजिबात नाही. आणि सोफा किंवा आरामखुर्चीवर बाळाला छातीवर घेऊन झोपणं, हे तर कधीच नाही. तो सगळ्यात मोठ्या धोक्यांपैकी एक आहे.

चौथं, उकाडा. मुंबई, भिवंडी, कोकण असो की मराठवाडा, बाळंतिणीच्या खोलीत खिडक्या बंद, बाळाला स्वेटर, कानटोपी आणि वर दुपट्यांचे दोन थर. बाळ डोक्यातून उष्णता बाहेर टाकतं. घरात झोपताना टोपी नको. आपण जेवढे कपडे घातलेत त्यावर फार तर एक थर. मानेला हात लावून पाहा, घाम असेल तर कपडे कमी करा. नवजात आणि कमी वजनाच्या बाळांना ऊब लागते, त्यांचं डॉक्टरांनी सांगितलं तसं करा.

पाचवं, तंबाखू. पालथी झोप टाळल्यावर उरणाऱ्या धोक्यांत हा फार मोठा आहे. गरोदरपणातही आणि नंतरही. घरात ओढू नका, एवढंच पुरेसं नाही, सोडा. आणि एक गोष्ट आपल्याकडे कुणी तंबाखूत धरत नाही, ती म्हणजे मशेरी. दात घासायला म्हणून बायका लावतात, दिवसातून चार वेळा लावतात. स्वीडनमध्ये स्नूस नावाची ओठाखाली ठेवायची तंबाखू चालते. तिथल्या वीस लाखांहून जास्त जन्मांच्या नोंदींवरून केलेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. गरोदरपणी स्नूस वापरणाऱ्या आयांच्या बाळांतही सिड्सचा धोका वाढलेला आढळला. म्हणजे धूर नसला तरी निकोटीन आहेच. मशेरी वेगळी कशी असेल? बाळाला लोबान-ओव्याची धुरी देणंही बंद करा. तान्ह्या फुप्फुसांना कोणताच धूर मानवत नाही.

सहावं, आईचं दूध. किमान दोन महिने अंगावर पाजलं तरी सिड्सचा धोका जवळजवळ निम्मा होतो. पहिले सहा महिने फक्त आईचंच दूध, हा सल्ला आपण ऐकलेला आहेच. यात बापाचं काम काय? आईला जेवण वेळेवर, झोप थोडी जास्त आणि घरकाम कमी.

सातवं, माझ्या धंद्यातलं. हल्ली बाळाच्या पायात घालायचे स्मार्ट मोजे मिळतात, मोबाइलवर ठोके आणि ऑक्सिजन दाखवतात. आपल्यातल्या आयटीवाल्यांना ते घ्यावेसे वाटतात. अशा घरगुती यंत्रांनी सिड्स टळतो असं दिसून आलेलं नाही, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना त्यांवर विसंबू नका असं स्पष्ट सांगते. खोटा अलार्म झोप उडवतो आणि हिरवा दिवा खोटी खात्री देतो. त्या पैशांत आईसाठी महिनाभर मदतीला बाई ठेवा.

एक गोष्ट मात्र यादीच्या बाहेरची आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. हे सगळं पाळूनही एखादं बाळ जाऊ शकतं. आपण धोका कमी करतो, शून्य करत नाही. अशा वेळी घरात पहिलं बोट कुणाकडे जातं? आईकडे. अंगाखाली घेतलं असेल, झोपली असेल, लक्ष नव्हतं.

ब्रिटनमध्ये सॅली क्लार्क नावाच्या वकील बाईंची दोन बाळं अशी गेली. १९९९ साली त्यांना खुनासाठी जन्मठेप झाली. एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने कोर्टात सांगितलं होतं की अशा घरात एक बाळ असं जाण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोन जाण्याची शक्यता सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. म्हणजे ८,५४३ ला ८,५४३ ने गुणलं. शाळेत शिकलेलं आठवा: दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच असा गुणाकार करता येतो. एकाच आईबापाची, एकाच घरातली दोन बाळं स्वतंत्र कशी? रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ साली यावर जाहीर आक्षेप घेतला. पुढे एका बाळाच्या तपासणीतले जंतुसंसर्गाचे अहवाल बचाव पक्षाला दाखवलेच नव्हते हे उघड झालं आणि २००३ साली शिक्षा रद्द झाली. सॅली त्यातून सावरल्या नाहीत. २००७ साली त्या वारल्या. शिकलेल्या देशात, कोर्टात, हे झालं. आपल्या मोहल्ल्यात खटला चालत नाही, कुजबूज चालते, आणि तिच्यावर अपील नसतं. बाळ गेलेल्या आईला दोष देऊन पुढचं कोणतंही बाळ वाचत नाही.

आता शेवटचं, घरी कसं बोलायचं. इथून जाऊन दादीला 'तुम्हाला काही कळत नाही' म्हणू नका. ज्या बाईने तुमच्या अब्बूंना वाढवलं तिला असं बोलायचं नसतं, आणि बोललात तर ती ऐकणारही नाही. आधी तिचं जे बरोबर आहे ते सांगा: दादी, तुम्ही बाळाला एकटं झोपू देत नाही ते फार चांगलं आहे, डॉक्टरही तेच सांगतात. मग उशी हळूच बाजूला घ्या. आणि हे बोलायचं काम नव्या सुनेवर टाकू नका. माहेरून शिकून आली, असं तिलाच ऐकावं लागतं. मुलाने बोलावं, जावयाने बोलावं. ज्यांची लग्नं व्हायची आहेत त्यांनी आपल्या आपा-बाजींच्या घरी बोलावं. खालांना, फुफींना जागं बाळ पोटावर ठेवून खेळवायला सांगा. त्यांना ते आवडेल.

पन्नास हजार बाळं गेली कारण जे माहीत होतं ते वीस वर्षं घराघरांत पोचलं नाही. आज ते तुमच्यापर्यंत पोचलं आहे. तुमच्या ओळखीत ज्यांच्या घरी नुकतं बाळ झालं आहे, त्यांना आज रात्री झोपायच्या आधी एक फोन करा. उताणं, टणक जागेवर, उशीशिवाय, धुराशिवाय, आईच्या खोलीत. एवढंच सांगायचं आहे.